जोडीला साळवे बाई

"ओ बाई, आकडा जुळला ना? मग चला की आता. त्या चपलांची कसली पंचाईत घेऊन बसलाय?"

ड्रायव्हर काका ओरडत होते. त्यांचा एक पाय एस.टी.च्या पायरीवर होता, दुसरा पुणतांब्याच्या मातीत, आणि एक हात खिडकीतून आत घालून ते हॉर्न असा दाबत होते, की नदीपलीकडच्या उसातले बगळे उठून पार वैजापूरच्या हद्दीत गेले.

खाली गोदावरीच्या घाटावर साळवे बाई उभ्या होत्या. एका हातात चपलांचा जोड, दुसरा हात उन्हासाठी कपाळावर आडवा धरलेला. चपला लहान होत्या, निळ्या पट्ट्यांच्या. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला आणि त्याला पिन लावलेली. वरून धरणाचं पाणी सोडलेलं, त्यामुळं नदी दोन पायऱ्या वर चढून आली होती आणि भाकरी थापल्यासारखा थपथप आवाज करत होती.

"आकडा जुळलाय बाई," मी गाडीच्या दारातून ओरडलो. "एक्कावन्न. दोनदा मोजलेत."

"मग ह्या कुणाच्या?"

"असतील गावातल्या कुणाच्या."

"गावातलं लेकरू चपला घाटावर ठेवून अनवाणी घरी जातं का, सर?"

आता आपण जरा इथंच थांबू. बाईंची काळजी करू नका, त्या हलणार नाहीत. मालक सापडेपर्यंत त्या तिथं चार पावसाळे उभ्या राहिल्या असत्या, आणि लोकांनी शेंदूर लावून पुढं जत्राही सुरू केली असती. तेवढ्या वेळात बाई कोण होत्या ते सांगून घेतो.

मी वाढवून सांगतो अशी आमच्या गावात माझी ख्याती आहे. सोनईच्या बाजारात मी पाव किलो वांगी घेतली, तर घरी येईपर्यंत त्यांची पाटी होते, असं माझी बायकोच सांगते. पण साळवे बाईंच्या बाबतीत मला आजवर कमीच करून सांगावं लागलंय, कारण खरं सांगितलं तर कुणी ऐकून घेत नाही.

बाई आमच्या शाळेत गणित शिकवत. शाळा सोनईपासून सहा-सात किलोमीटरवर, सगळीकडून उसानं वेढलेली. बाईंची उंची चार फूट आठ इंच, तीही अंबाडा धरून. देवानं उंचीत जे राखून ठेवलं ते आवाजात भरून दिलं होतं. बाईंनी सातवीच्या वर्गात 'गप्प बसा' म्हटलं की शेजारच्या वस्तीवरची गिरणी बंद पडायची. गिरणीवाला म्हणायचा लाईट गेली. पण लाईट बरोबर बाईंच्या तासालाच कशी जाते, हे त्याला कधी सांगता आलं नाही.

आणि बाईंकडे छत्री होती. काळी, पुरुषी, वाकड्या मुठीची, टोकाला लाल फडकं बांधलेली. पाऊस असो नसो, सहलीत ती उघडी आणि उंच. गर्दीत बाई दिसायच्याच नाहीत, पण छत्री दिसायची. मुलं बाईंना शोधत नसत, छत्रीला शोधत. देवगडला एकदा दुसऱ्याच गावची माणसं त्या छत्रीमागं लागून दर्शन घेऊन, खिचडी खाऊन, आमच्या गाडीपर्यंत आली होती.

सहल म्हणजे बाईंची. मुख्याध्यापक बदलले, शिक्षणाधिकारी बदलले, परवानगीचे नमुने बदलले. सहलीच्या बाई बदलल्या नाहीत. त्यांचं त्यामागचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं: "नेलं ते आणून द्यायचं." त्यांना बाकी काही नको होतं. मुलांनी किल्ला पाहिला की नाही, निबंधात काय लिहिलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. सकाळी ज्या आईनं ज्या लेकराचा हात हातात दिला, त्या आईच्या हातात तोच हात संध्याकाळी परत द्यायचा. मध्ये काय पाहायचं ते पाहा.

त्यासाठी त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. तिला त्या जू म्हणत. दोन बैलांना असतं तसं दोन पोरांना. सहलीच्या आधी आठ दिवस जोड्या लागायच्या, आणि त्या मैत्रीवर नाही. एक ओढणारा, एक धरणारा. वर्गातलं सगळ्यात अवखळ पोर सगळ्यात थंड पोराशी जुंपलं जायचं. दोन शिट्ट्या झाल्या की जिथं असाल तिथं जोडीदाराचा हात धरून वर करायचा. मुतायला जायचं तर जोडीनं, पाणी प्यायचं तर जोडीनं, जोडीदाराची टोपी-पिशवी विसरली तर उचलून आणायची तीही दुसऱ्यानं. संख्या विषम आली तर जो उरेल तो बाईंचा. त्यामुळं सहलीला सम संख्या यावी म्हणून आमची पोरं नवस बोलत.

निघायच्या दिवशी गाडीत बसायच्या आधी बाई मैदानावर पाढा घेत. तीस-तीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी, आता कुणी सुप्याला कंपनीत आहेत, कुणी टेम्पो चालवतात, त्यांना एकोणतीसचा पाढा येत नाही, पण हा येतो.

"हरवलात तर?"

"हलनार न्हाई."

"कुणी बोलावलं तर?"

"जानार न्हाई."

"का?"

"बाई येनार हायेत."

एकदा मी नवाच असताना म्हटलं, बाई, हरवलेल्या पोरानं थोडं तरी इकडंतिकडं बघावं ना. बाई म्हणाल्या, "दोघंही हिंडायला लागले तर जन्मभर हिंडतील. हरवलेल्यानं बसायचं असतं. हिंडायचं काम शोधणाऱ्याचं."

पालकांची सभा घ्यायच्या तेव्हा संमतीपत्रावर सही घेऊन मोकळ्या होत नसत. प्रत्येक आई-बापाला एकच प्रश्न: "पोर कशाला भितं?" आणि ते वहीत लिहायच्या. ती वही मी पाहिलीय. 'कुत्रं.' 'अंधार.' 'गाडी लागते, पण सांगत नाही.' 'मामा.' एकानं सांगितलं, माझं पोरगं कशालाच भीत नाही. बाईंनी त्याच्या नावापुढं लाल फुली मारली.

एक बागायतदार सभेत मिशी पिळत म्हणाला, "बाई, आमच्या बंडूची काळजी करू नका. विहिरीत वरनं सूर मारतो. धरन असू द्या का समुद्र असू द्या."

"पोहता येतं?"

"माशावानी."

"मग बंडू पाण्यापासून सगळ्यात लांब," बाईंनी लिहून घेतलं. "ज्याला येत नाही तो काठावर बसतो. जाणारा असतो तो पोहणाराच."

दिवसभर बंडूला बाईंनी धरणाकडं पाठ करून बसवलं होतं असं म्हणतात. तो आज पाटबंधारे खात्यात आहे.

ड्रायव्हर हा बाईंचा खास प्रांत. गाडी मैदानात शिरली की पहिला प्रश्न, "काल झोपलात का?" दुसरा, "किती वाजता?" मग गाडीला एक फेरी. चाकं, आरसे, आणि सगळ्यात शेवटी मागचा संकटकालीन दरवाजा. तो उघडतो की नाही एवढं पाहून बाईंचं समाधान व्हायचं नाही. त्या पन्नाशीच्या बाई पदर खोचून त्या दारातून स्वतः खाली उडी मारायच्या. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई पडल्या. धावत गेलो तर त्या साडी झटकत म्हणाल्या, "मला जमलं म्हणजे पाचवीच्या पोराला जमतं. लावा दार." दुपारी जेवण झालं की ड्रायव्हरला झाडाखाली सतरंजीवर तासभर झोपायची सक्ती. वर दोन पोरी वारा घालायला. एक ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन म्हणाला म्हणे, मला ह्याच शाळेला कायमचं लावा.

आणि फक्की. मैदानावर रेघा मारायची ती पांढरी पूड. तिची एक पिशवी बाईंच्या पर्समध्ये कायम. कुठल्याही कड्याला, पाण्याला, रस्त्याला पोहोचलं की बाई सगळ्यांना बसवून स्वतः पुढं जायच्या, कडेपासून दहा पावलं मागं मोजायच्या आणि फक्कीची रेघ मारायच्या. रेघेपलीकडं कुणी नाही. मी नोकरीला लागलो त्याच महिन्यात रंधा धबधब्याला गेलो होतो, तेव्हा आमचे त्यावेळचे हेडसर मोबाईल काढून रेघेपलीकडं गेले. मागं पाणी येईल असा फोटो हवा होता. शिट्टी वाजली. बाई म्हणाल्या, "सर, पोरं बघताहेत."

"अहो बाई, मी मुख्याध्यापक आहे."

"म्हणून तर सगळीच बघताहेत."

बाईंनी हेडसरांना अंगठे धरून उभं केलं, असं मी पुढं बारा वर्षं सांगत आलोय. खरं सांगायचं तर ते अंगठे धरायला वाकले नव्हते, पडलेला मोबाईल उचलायला वाकले होते. पण रेघेच्या अलीकडं येऊन वाकले होते, हे महत्त्वाचं.

तर आता परत घाटावर जाऊ. बाई तिथंच आहेत.

त्या दिवशी निघायचे होते बावन्न. सकाळी एका मुलीला गालगुंड झालं, ती आली नाही. एक्कावन्न उरले. म्हणजे विषम. उरली ती रेणुका, सातवीतली. ही मुलगी इतकी शांत, की हजेरीला तिनं 'हजर' म्हटलं की मागच्या बाकावरच्यांना वाटायचं पंखा कुरकुरला. बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "तू माझ्या जोडीला."

आधी चांगदेवांच्या समाधीला गेलो. आत जाताना बाईंनी छत्री मिटून भिंतीला टेकवली. दर्शन चाललंय तेवढ्यात आमच्या एका पठ्ठ्याचे डोळे फिरले. गाडीत त्यानं स्वतःच्या डब्यातल्या आणि शेजाऱ्याच्या डब्यातल्या मिळून चौदा भजी खाल्ली होती. बाईंनी त्याला दोन्ही हातांवर उचललं. त्या पोराचं वजन बाईंपेक्षा जास्त होतं. पण ते उचललं, घाटावर आणलं, तोंडावर पाणी मारलं. मग फक्कीची रेघ मारली, दोन-दोन करून बाकीच्यांना वरच्याच पायऱ्यांवर बादलीतल्या पाण्यानं पाय धुवायला सोडलं, आणि मला म्हणाल्या, "सर, मी ह्याच्याजवळ थांबते. तुम्ही गाडीत आकडा घ्या."

हो. मोजणारा मी होतो.

मला नोकरी लागून तीन महिने झाले होते. भजीवालं पोर सावरून गाडीत येऊन बसलं, तसा मी गाडीच्या दारात उभा राहिलो आणि मोजलं. मुलगे टोप्यांवर मोजले आणि मुली रिबिनींवर. दोन वेण्या, दोन लाल रिबिनी, भागिले दोन. एक्कावन्न. परत मोजलं, परत एक्कावन्न. माझ्या आयुष्यात एवढं बिनचूक गणित मी कधी केलं नव्हतं.

"आकडा जुळलाय," मी परत म्हणालो. बाई चपला घेऊन वर आल्या आणि गाडीत चढल्या.

"पाय वर."

एकशेदोन पाय वर झाले. मी सांगतो, असा देखावा एस.टी.च्या इतिहासात झाला नसेल. सगळ्या पायांत काही ना काही होतं. चपला, सँडल, बूट. एकही पाय अनवाणी नाही.

"बघा," ड्रायव्हर काका म्हणाले. "समद्यांच्या पायात हाय. आता तरी निघू द्या. पोराटोरांना उशीर व्हतोय."

बाईंनी वही काढली आणि नावं घ्यायला लागल्या. एकेक. पहिलं नाव, हजर. दुसरं, हजर. बाई प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होत्या. मुलींची नावं सुरू झाली.

"रेणुका."

कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, नेहमीसारखं हळू बोलली असेल. बाईंनी परत हाक मारली. आणि शेवटच्या बाकावरून, दोन लाल रिबिनींच्या मधून, झोपेतून नुकतीच उठलेली एक मुलगी रडायला लागली.

"ही आमची गाडी न्हाई."

आमच्या शेजारी दुसऱ्या एका शाळेची एस.टी. उभी होती. तोच लाल रंग, तोच पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, त्याच रिबिनी. ही पोरगी दमून येऊन आमच्या गाडीत झोपली होती आणि तिची गाडी पंधरा मिनिटांपूर्वी निघून गेली होती. माझा आकडा बरोबर होता. पोरी चुकल्या होत्या.

मग जे झालं त्यात मी काही वाढवत नाही. ज्या ड्रायव्हर काकांनी इतका वेळ हॉर्न दाबून धरला होता, ते खाकी कपड्यांसकट, घड्याळासकट, घाट उतरून छातीभर पाण्यात गेले. दोन कोळी पलीकडून होडी घेऊन आले. मी रेणुकाच्या नावानं ओरडत काठानं पळत होतो. गाडीतली पोरं खिडक्यांना चिकटून बसली होती. पण एकही खाली उतरलं नाही. जोडीदाराचे हात धरून ती सगळी नुसती बघत होती.

बाई घाटावर बसल्या होत्या. चपला मांडीवर. तो आवाज, ज्यानं गिरण्या बंद पडायच्या, तो कुठं गेला होता कुणास ठाऊक. मी जवळ गेलो तेव्हा त्या हळू म्हणाल्या, "जोडी माझी होती रे."

एकटं असताना त्या मला अरे-तुरे करत, पोरांसमोर कायम सर. त्या वेळी समोर एक्कावन्न पोरं होती. पन्नास आपली आणि एक परकी.

मग त्यांनी चपला उचलून पाहिल्या. पायऱ्यांकडं पाहिलं. फक्कीची रेघ अजून तशीच होती, ओल्यानं जरा पसरलेली.

"रेघेच्या अलीकडं होत्या," त्या म्हणाल्या. "आणि टाचा नदीकडं होत्या. मी उचलल्या तेव्हा टाचा नदीकडं होत्या."

मला काही कळलं नाही. बाई वर बघायला लागल्या. ऊन तोंडावर आलं तसा त्यांचा हात परत कपाळावर गेला, आणि तिथंच राहिला.

"माझी छत्री कुठंय?"

त्या उठल्या. पन्नाशीची, गुडघे दुखणारी बाई त्या पायऱ्या कशी चढली ते मी पाहिलंय. बंडूनं विहिरीत सूर मारावा, तसा तिनं उलटा सूर मारला, खालून वर. मी मागं. देवळात समाधीच्या भिंतीशी, जिथं छत्री टेकवली होती तिथंच, रेणुका मांडी घालून बसली होती. छत्री मांडीवर आडवी धरलेली. बाजूला पुजारी हवालदिल होऊन उभे.

"अहो, तासभर विचारतोय हिला, कुठल्या शाळेची, कुणाबरोबर आलीस," पुजारी म्हणाले. "पेढा दिला तर घेईना. हाताला धरून उठवतो म्हटलं तर खांबाला मिठी मारते. एकच म्हणते, बाई येनार हायेत."

घाटावर बाईंच्या डोक्यावर छत्री नाही, हे एक्कावन्न जणांत फक्त हिला दिसलं होतं. जोडीदाराची वस्तू जोडीदारानं आणायची. देवळात जाताना चपला काढायच्याच असतात, मग घालायच्या कशाला, म्हणून देवळाकडं तोंड करून तिथंच ठेवून आली. छत्री घेऊन बाहेर डोकावली तर आवारातून खालची आमची माणसं दिसेनात. मग ती हरवली, असं तिनं स्वतःशी ठरवलं, आणि हरवल्यावर जे करायचं ते केलं.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. चपला पुढं ठेवल्या.

रेणुका त्यांच्याकडं बघून म्हणाली, "लई येळ लावला, बाई."

तोवर त्या दुसऱ्या शाळेचे एक सर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले. चेहरा माझ्यासारखाच. चहाला थांबल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं. बाईंनी त्यांची मुलगी त्यांच्या हातात दिली, तिच्या खिशात गुळशेंगदाण्याची चिक्की भरली आणि काहीच बोलल्या नाहीत. मलाही बोलल्या नाहीत. त्याचा त्रास जास्त झाला. येताना ड्रायव्हर काका ओल्या कपड्यांनी गाडी चालवत होते आणि अंगात माझा स्वेटर होता, जो त्यांना छातीवर बसत नव्हता. श्रीरामपूर गेल्यावर बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आकडा काय रे, मेंढरांचा पण जुळतो."

संध्याकाळी सगळी पोरं घरी गेल्यावर बाई म्हणाल्या, चल. रेणुकाच्या वस्तीवर गेलो. तिची आई चुलीपुढं होती. मी मनात पन्नास वाक्यं जुळवली होती, की गर्दी होती, गाड्या सारख्या होत्या. बाईंनी एकही वापरू दिलं नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आज तुमची लेक तासभर माझ्या हातून सुटली होती. मला माहीत नव्हतं ती कुठं आहे."

आई तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "गावली ना?"

"सापडली."

"मंग बसा. च्या टाकते." आणि मग तव्याकडंच बघत, "पुढच्या साली धाकटीला पन न्या."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. मी रडलो नाही असं मी सगळ्यांना सांगतो.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावलं. धबधब्याचा मोबाईल ते विसरले नसावेत. सहली बंद करून टाकू, म्हणाले, कशाला डोक्याला ताप. आकडा कुणी घेतला होता? मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मी." मी तोंड मिटलं. तीन महिन्यांची नोकरी होती, प्रोबेशन होतं, आणखी काय काय होतं. ते सगळं खरं होतं, आणि तोंड मिटलं हेही खरं. बाईंनी लेखी खुलासा दिला. पुढच्या सहलींची जबाबदारी लेखी मागून घेतली. आणि त्यांना जे हवं होतं तेवढंच मिळवलं: सहल बंद झाली नाही.

त्यानंतर आमच्या शाळेत आकडा घ्यायचं बंद झालं. गाडीत चढताना नावं, उतरताना नावं, चहाला थांबलं तरी नावं. नाव घेतलं की त्यानं उठून तोंड दाखवायचं. वेळ जायचा. इतर शाळांचे मास्तर हसायचे. म्हणायचे, तुमची सहल आहे का लग्नाची पंगत. बाई चष्म्यावरून बघून पुढचं नाव घ्यायच्या.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं झाली. मी एक तास बोललो. हेडसर म्हणतात वीस मिनिटं. घाटाची गोष्टही सांगितली, पण मोजणारा कोण ते सांगितलं नाही. बाई मान खाली घालून शालीचे गोंडे मोजत होत्या. निघताना त्यांनी शिट्टी आणि फक्कीची पिशवी माझ्या हातात ठेवली. छत्री दिली नाही. "ती माझी आहे," म्हणाल्या.

आता सहल मी नेतो. पदर नाही, म्हणून पँट खोचून मागच्या दारातून उडी मी मारतो. पोट सुटलंय, त्यामुळं उडी म्हणजे भूकंपच असतो, पण मारतो. गेल्या डिसेंबरात रतनगडाच्या पायथ्याला निघालो होतो. पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर. रात्रीचा प्रवास नाही, हाही बाईंचाच नियम. फाट्यावर गाडी आली तर रस्त्याच्या कडेला धुक्यात एक काळी छत्री. लाल फडकं विटून गुलाबी झालेलं. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातात काठी. त्यांची भाची सोबत होती, तिचा चेहरा सांगत होता की ती रोखून रोखून थकलीय.

मी खाली उतरलो. बाईंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. आधी चाकं बघितली. मग ड्रायव्हरकडं मान वर करून, "झोपलात का?"

"झोपलो मावशी."

"फक्की?" मला.

"घेतली."

मग त्यांनी गाडीच्या खिडक्यांकडं पाहिलं. खिडक्यांतून तोंडं बाहेर आली होती. ह्यातल्या एकालाही बाईंनी शिकवलेलं नव्हतं. बाईंनी काठी भाचीकडं दिली, दोन बोटं तोंडात घातली आणि दोन शिट्ट्या मारल्या. सत्तरीला टेकलेल्या बाईनं बोटांनी शिट्टी मारली, ह्यात मी काहीही वाढवलेलं नाही. सगळ्या खिडक्यांतून जोडीजोडीनं हात वर झाले. बाईंनी छत्री जरा उंच केली. गाडी निघाली आणि मागच्या काचेतून मला ती काळी छत्री बराच वेळ दिसत होती. श्रीरामपूरपर्यंत दिसत होती म्हटलं तरी तुम्ही आता मला अडवू नका.

संध्याकाळी साडेसहाला परत आलो. आया मैदानावर उभ्या होत्या. एकेक हात ज्याच्या त्याच्या हातात गेला. शेवटचं पोर बापाच्या गाडीवर मागं बसून गेलं तसा मी मोबाईल काढला. बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बाई, आलो. सगळी सुखरूप. अठ्ठेचाळीस नेली, अठ्ठेचाळीस आणली."

मग बाई म्हणाल्या,

"नावं सांग."